द्रव्यसाहाय्याचा नकार आणि फेरविचाराचा अर्ज

मार्च महिना संपत आला म्हणजे आमच्या शाळेच्या कांहीं माजी विद्यार्थ्यांच्या घरीं मोठी उत्कंठा असते. बारावीची परीक्षा नुकतीच आटोपलेली असते, आणि अमेरिकेंतील ज्या महाविद्यालयांकडे हिंवाळ्यांत अर्ज धाडलेले असतात त्यांचीं उत्तरें याच सुमारास येऊं लागतात. एखाद्या पत्रांत प्रवेश मिळाल्याचें शुभ वर्तमान असतें. घरांत पेढे आणले जातात, शेजारीपाजारी अभिनंदन करितात. परंतु पत्राच्या दुसऱ्या पानावर असें लिहिलेलें असतें कीं, आपण मागितलेलें द्रव्यसाहाय्य देतां येत नाहीं याबद्दल आम्हांस खेद वाटतो. दार उघडलें, पण आंत पाऊल टाकावयास पैसा नाहीं, अशी त्या मुलाची व त्याच्या आईबापांची स्थिति होते.

असें पत्र घेऊन कोणी ना कोणी विद्यार्थी आपल्या पालकांसह आमच्याकडे येतो. कित्येकांची अशी समजूत असते कीं, एवढ्या मोठ्या विद्यापीठानें एकदां नाहीं म्हटलें म्हणजे विषय संपला. उलट कित्येकांस असें वाटतें कीं, पुन्हां पुन्हां विनवण्या केल्या, थोरामोठ्यांचीं शिफारसपत्रें जोडलीं, म्हणजे पाषाणासही पाझर फुटेल. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. फेरविचाराचा अर्ज करण्याची मुभा बहुतेक महाविद्यालयें देतात; परंतु त्या अर्जांत, पूर्वीं त्यांस ठाऊक नव्हती अशी एखादी खरी व सप्रमाण गोष्ट असली तरच त्याचा उपयोग होतो. ही एकच गोष्ट आमच्या वाचकांच्या मनावर ठसावी, एवढ्याकरितां हा लेख आम्ही लिहीत आहों.

प्रथम हें साहाय्य येतें कोठून, तें समजून घेतलें पाहिजे. अमेरिकेचें संघ सरकार विद्यार्थ्यांस जें साहाय्य देतें तें मुख्यतः तेथील नागरिकांकरितां व कायमच्या रहिवाशांकरितां असतें. शिक्षणासाठीं परवान्यावर गेलेल्या आपल्या मुलांस तें मिळत नाहीं. त्यांस जें कांहीं मिळावयाचें तें त्या त्या महाविद्यालयाच्या स्वतःच्या निधींतून. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, अ‍ॅमहर्स्ट अशीं थोडीं महाविद्यालयें परदेशी विद्यार्थ्यालाही प्रवेश देतांना त्याची सांपत्तिक स्थिति पाहत नाहींत, आणि प्रवेश दिल्यावर ठरलेली गरज पूर्णपणें भागवितात. २०२२ सालीं डार्टमथ व बोडिन यांनींही हेंच धोरण स्वीकारलें. परंतु अशीं नांवें बोटांवर मोजण्याइतकीं. बाकीच्या बहुतेक ठिकाणीं परदेशी मुलांकरितां ठराविक रक्कम राखून ठेवलेली असते, आणि कोणास प्रवेश द्यावा हें ठरवितांना, या मुलास किती पैसे द्यावे लागतील हाही विचार होतो.

आतां गरज कशी ठरते तें पाहूं. समजा, एखाद्या महाविद्यालयाचा एका वर्षाचा एकूण खर्च, म्हणजे शिक्षणशुल्क, राहणें, जेवण, पुस्तकें व विमा धरून, ९०,००० डॉलर आहे. कित्येक नामांकित खासगी महाविद्यालयांत तो आज याच घरांत किंवा याहूनही अधिक आहे. कुटुंबाचें उत्पन्न, मालमत्ता, माणसें व जबाबदाऱ्या यांची माहिती विद्यार्थ्यानें भरून द्यावयाची असते. पुष्कळ ठिकाणीं त्याकरितां कॉलेज बोर्ड या संस्थेचा ‘सीएसएस प्रोफाइल’ हा तक्ता वापरतात. त्यावरून कार्यालयानें असें ठरविलें कीं हें कुटुंब वर्षास २०,००० डॉलर देऊं शकेल, तर त्या विद्यार्थ्याची गरज ७०,००० डॉलर. हा निव्वळ वजाबाकीचा हिशेब आहे, हें ध्यानांत ठेवावें. हिशेबांत घातलेला आंकडा चुकीचा किंवा अपुरा असला तर उत्तरही चुकतें. आणि ती चूक दाखवून देण्याचा मार्ग म्हणजेच फेरविचाराचा अर्ज.

सर्व नकार मात्र एका जातीचे नसतात. पहिला प्रकार असा कीं, विद्यार्थ्यानें प्रवेशाचा अर्ज करितांना साहाय्य मागितलेंच नव्हतें. साहाय्य मागितल्यास प्रवेश हुकेल या भीतीनें कित्येक मुलें ‘साहाय्य नको’ असें लिहितात व पुढें पाहूं म्हणतात. पुष्कळ महाविद्यालयांचा नियम असा आहे कीं, परदेशी विद्यार्थ्यानें आरंभीं साहाय्य मागितलें नाहीं तर पुढें चारही वर्षें तें मागतां येणार नाहीं. येथें अपील सहसा चालत नाहीं. दुसरा प्रकार, राखून ठेवलेला निधि संपला. येथें कोणाचा दोष नसतो, आणि अर्ज कितीही उत्तम असला तरी आशा फार थोडी. तिसरा प्रकार, कार्यालयाच्या हिशेबाप्रमाणें कुटुंबास खर्च झेपण्यासारखा आहे, म्हणून साहाय्य नाहीं किंवा अपुरें आहे. चवथा, अर्ज केल्यानंतर घरची स्थितीच बदलली. हे शेवटचे दोन प्रकार फेरविचारास खरोखर योग्य होत.

म्हणून नकार हातीं पडल्यावर पहिलें काम रडणें नव्हे व रागावणेंही नव्हे. द्रव्यसाहाय्याच्या कार्यालयास चार ओळींचा सभ्य ई-मेल लिहून दोन गोष्टी विचाराव्या: हा निर्णय कोणत्या कारणानें झाला, आणि फेरविचाराची आपली पद्धति काय आहे. कांहीं ठिकाणीं त्याकरितां ठराविक नमुना असतो, कांहीं ठिकाणीं साधें पत्र चालतें, आणि कांहीं ठिकाणीं परदेशी विद्यार्थ्यांचा फेरविचार होत नाहीं असें स्पष्ट कळवितात. तें कळलें म्हणजे निदान वेळ तरी वांचतो. हें पत्र विद्यार्थ्यानें स्वतः लिहावें. वडिलांनीं किंवा मामांनीं लिहिलेलें पत्र तिकडे फारसें शोभत नाहीं. तेथें अठरा वर्षांच्या मुलास स्वतःचा कारभार स्वतः पाहणारा समजतात.

येथें आमच्या पाहण्यांतील एक उदाहरण देतों. आमच्या शाळेच्या एका माजी विद्यार्थिनीस एका अमेरिकन महाविद्यालयानें प्रवेश दिला, परंतु साहाय्य नाकारलें. वडील एका कारखान्यांत नोकर, आई घरींच शिवणकाम करणारी. ‘आमच्यासारख्यांस पैसा झेपेल असें यांना वाटलें तरी कसें?’ असें तिच्या आईनें आम्हांस विचारलें. आम्ही भरलेला तक्ता समोर घेऊन तिच्या वडिलांसह एक संध्याकाळ बसलों, तेव्हां उलगडा झाला. आजोबांच्या नांवची गांवाकडील जमीन त्यांच्या पश्चात् वडील, दोन काका व दोन आत्या अशा पांच जणांच्या नांवें लागली होती. तक्ता भरतांना वडिलांनीं प्रामाणिकपणें, पण अजाणतेपणें, त्या सर्व जमिनीची बाजारभावानें होणारी किंमत आपली म्हणून लिहिली होती. शिवाय भविष्यनिर्वाह निधींतील आयुष्यभराची शिल्लक त्यांनीं बँकेंतील ठेवीच्या रकान्यांत घातली होती. दूर बसलेल्या कारकुनास त्या कागदावर एक सधन जमीनदार दिसला, यांत त्याचा काय अपराध?

त्या मुलीनें एका पानाचें पत्र लिहिलें. सातबाराचा उतारा व त्याचें इंग्रजी भाषांतर जोडलें. त्यावरील पांच नांवें, वडिलांचा हिस्सा एक पंचमांश, आणि शेतजमीन आपल्या राज्यांत सामान्यतः शेतकऱ्यासच विकतां येते, हें तीन वाक्यांत सांगितलें. भविष्यनिर्वाह निधीचा दाखला जोडून ही रक्कम निवृत्तीकरितां आहे असें लिहिलें. तीन आठवड्यांनीं उत्तर आलें. सर्व खर्च कांहीं त्यांनीं दिला नाहीं. पण मोठा भाग दिला, आणि उरलेल्या रकमेचें कर्ज त्या कुटुंबास पेलण्याजोगें होतें. ती मुलगी गेली. तिच्या पत्रांत एकही विशेषण नव्हतें, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवावें.

कोणत्या कारणांची दखल घेतली जाते, तें आतां थोडक्यांत सांगतों. अर्जानंतर पालकाची नोकरी जाणें, पगारांत कपात होणें, किंवा कमावत्या माणसाचा मृत्यु. दीर्घ आजार व विम्यांतून न मिळालेला औषधोपचाराचा खर्च. भावाबहिणीचें महाविद्यालयीन शिक्षण. वृद्ध आजीआजोबांचा किंवा अपंग नातलगाचा भार. पावसानें किंवा अवर्षणानें पीक बुडणें. रुपयाचा भाव घसरून हिश्श्याची रक्कम वाढणें. आणि तक्त्यांत झालेली प्रामाणिक चूक. दुसऱ्या तोडीच्या महाविद्यालयानें अधिक साहाय्य देऊं केलें असेल तर कांहीं ठिकाणीं तें पत्र पाहून पुनः विचार करितात; परंतु तें दाखवितांना बाजारांतील घासाघिशीचा सूर नसावा. ‘तुमच्या येथेंच येण्याची माझी इच्छा आहे, परंतु या फरकामुळें तें शक्य होत नाहीं’ एवढें म्हणणें पुरे.

कोणत्या कारणांचा उपयोग नाहीं, तेंही सांगितलें पाहिजे. माझे गुण फार उत्तम आहेत, हें कारण नव्हे. प्रवेश मिळालेल्या सर्वांचेच गुण उत्तम असतात. लहानपणापासूनचें माझें स्वप्न आहे, हेंही नव्हे. नवें घर किंवा मोटार घेतल्यामुळें हात आंखडला आहे, हें तर मुळींच लिहूं नये. तो खर्च आपल्या इच्छेनें केलेला असतो. आणि आपल्याकडील आमदार, उद्योगपति किंवा नातलग प्राध्यापक यांचीं शिफारसपत्रें जोडूं नयेत. ज्या प्रश्नाचा निकाल वजाबाकीनें लागावयाचा तेथें वशिल्यास जागा नसते.

पत्राची रचना अशी असावी. आरंभीं प्रवेशाबद्दल एक वाक्य आभाराचें, आणि लगेच आपलें नांव, अर्जाचा क्रमांक व मागणी. नंतर घडलेली गोष्ट तारखेसह. ‘आमची स्थिति फार हलाखीची झाली आहे’ असें न लिहितां, ‘अमुक महिन्यांत वडिलांच्या कारखान्यांतील पाळी बंद झाली, पूर्वींचें मासिक वेतन इतकें, आतांचें इतकें’ असें लिहावें. मग त्याचा हिशेबावर होणारा परिणाम. मग आपलें कुटुंब खरोखर किती देऊं शकेल तो नेमका आंकडा. हा आंकडा न लिहिणें ही फार मोठी चूक आहे, कारण कार्यालयास नक्की किती कमी पडतें हें त्यावरूनच कळतें. शेवटीं जोडलेल्या कागदांची यादी व नमस्कार. सर्व मिळून एक पान. पत्र रवाना करण्यापूर्वीं इंग्रजीच्या शिक्षकांस एकवार दाखवावें. पण त्यांच्याकडून लिहून घेऊं नये.

कागदपत्रांविषयीं दोन शब्द. प्राप्तिकराचें विवरण, मालकाचा वेतनाचा दाखला, तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला, बँकेचें प्रमाणपत्र, रुग्णालयाचीं बिलें, यांपैकीं जें लागू असेल तेंच जोडावें. मराठी कागदाचें इंग्रजी भाषांतर सोबत पाहिजेच. आपल्याकडे शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाहीं, म्हणून विवरणांत तें दिसत नसेल तर तेंही स्वतः होऊन सांगावें. आंकडे लिहितांना फार जपावें. आपण बारा लाख हे १२,००,००० असे लिहितों. तिकडे तेच १,२००,००० असे लिहितात. स्वल्पविरामाची जागा बदलल्यानें वाचणारा गोंधळतो, आणि एक शून्य अधिक पडलें तर बारा लाखांचे सव्वा कोटीच्या घरांत जातात. रुपये कीं डॉलर, मासिक कीं वार्षिक, हें प्रत्येक आंकड्यापुढें स्पष्ट लिहावें.

वेळेचेंही महत्त्व तितकेंच आहे. अमेरिकेंत प्रवेश स्वीकारल्याचें कळविण्याची रूढ तारीख १ मे ही आहे. उत्तरें मार्चअखेर येतात. म्हणजे हातांत जेमतेम चार आठवडे. त्यांतील पहिल्याच आठवड्यांत अर्ज जावा. निर्णय १ मेपर्यंत येणार नाहीं असें दिसल्यास मुदत वाढवून देण्याची विनंती लेखी करावी, व तिचें उत्तर जपून ठेवावें. तोंवर, जें महाविद्यालय किंवा देशांतील जी संस्था आपल्या ऐपतींत बसते तेथील जागा हातची जाऊं देऊं नये. मात्र एकाच वेळीं दोन अमेरिकन महाविद्यालयांत अनामत भरून दोन्हीकडे होकार कळविणें हा सभ्यपणा नव्हे. त्यानें दुसऱ्या एखाद्या मुलाची जागा अडते.

आतां पालकांस एक गोष्ट विशेष आग्रहानें सांगावयाची आहे. वर सांगितलेल्या मुलीच्या वडिलांस एका हितचिंतकानें सुचविलें होतें कीं, कमी उत्पन्नाचा दाखला मिळवून देणारा एक माणूस ठाऊक आहे, काम झटपट होईल. त्यांनीं तें नाकारलें. ‘मुलगी शिकायला जाते आहे, पहिलाच धडा लबाडीचा कसा देऊं?’ हे त्यांचे शब्द आम्हीं ऐकले आहेत. खोटा कागद उघडकीस आल्यास मिळालेला प्रवेशही रद्द होतो, आणि तें कधीं चार वर्षांच्या मध्यावर उघडकीस येतें. परंतु शिक्षेची भीति हें आमच्या मतें मुख्य कारण नव्हे. हा निधि मोजका असतो. खोटी गरिबी दाखवून घेतलेला पैसा कोणा तरी खऱ्या गरजू मुलाच्या ताटांतला असतो.

तसेंच, ‘तेथें पोहोंचल्यावर काम करून भागवूं’ या भरंवशावर कोणीही मुलास धाडूं नये. शिक्षणाचा परवाना मिळण्यापूर्वीं महाविद्यालयाकडून आय-२० नांवाचा कागद यावा लागतो, आणि त्याकरितां निदान पहिल्या वर्षाचा खर्च भागेल एवढ्या पैशाचा पुरावा द्यावा लागतो. पुढें सत्र चालूं असतां महाविद्यालयाच्या आवारांत आठवड्यास २० तासांपर्यंतच काम करण्याची परवानगी असते. त्या मिळकतींतून हातखर्च निघेल. शुल्क निघणार नाहीं. आणि साहाय्य न मिळाल्यामुळें राहतें घर तारण ठेवण्यापूर्वीं आईबापांनीं व मुलानें एकत्र बसून शेवटच्या वर्षापर्यंतचा हिशेब कागदावर मांडावा. पहिल्या वर्षाचा खर्च भागला म्हणजे चारही वर्षांचा भागला, असें नव्हे.

अर्ज करूनही पुन्हां नकारच आला तर? असेंही आम्हीं पाहिलें आहे. आमच्या एका विद्यार्थ्यानें तीन पानांचें मोठें हृदयस्पर्शी पत्र धाडलें. पण त्यांत नवीन असें कांहीं नव्हतें, कारण त्याच्या घरीं नवीन असें कांहीं घडलेंच नव्हतें. निधि संपला आहे, असें दोन ओळींचें उत्तर आलें. महिनाभर तो कोणाशीं धड बोलला नाहीं. मग त्यानें पुण्यास शिक्षण घेतलें, आणि पदवीनंतर संशोधनाकरितां अमेरिकेस गेला. तेथें पदव्युत्तर संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांस अध्यापनांत किंवा प्रयोगशाळेंत साहाय्य करण्याच्या बदल्यांत पुष्कळ ठिकाणीं शुल्क माफ होतें व निर्वाहापुरतें वेतनही मिळतें. जें दार अठराव्या वर्षीं बंद होतें तें बाविसाव्या वर्षीं उघडलें. आपल्याकडील जे. एन. टाटा एन्डाउमेंट हा १८९२ सालीं स्थापन झालेला निधिही पदवीधरांस परदेशांतील उच्च शिक्षणाकरितां कर्जरूप साहाय्य देतो, हें येथें नमूद करून ठेवतों.

या विषयांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या चरित्राची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. बडोदें सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ सालीं न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठांत गेले, व १९१६ सालीं लंडनला. १९१७ सालीं शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धवट टाकून त्यांस परतावें लागलें. परंतु निघण्यापूर्वीं अभ्यास पुढें पुनः चालूं करण्याची परवानगी त्यांनीं विद्यापीठाकडून घेऊन ठेविली होती. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजांत प्राध्यापकी करून त्यांनीं पैसा सांठविला, कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींचें व एका पारशी मित्राचें साहाय्य घेतलें, १९२० सालीं ते लंडनला परत गेले, आणि १९२३ सालीं डी. एस्सी. झाले. पैसा संपला त्या दिवशीं त्यांनीं दार आपटून लावलें नाहीं. तें किंचित् उघडें ठेवून ते निघाले. प्रवेश मिळूनही पैशाअभावीं जातां येत नसेल, तर आमच्या विद्यार्थ्यांनींही प्रवेश एक वर्ष पुढें ढकलतां येईल काय, हें अवश्य विचारावें, आणि नकार देणाऱ्या कार्यालयासही आभाराचें पत्र लिहावें.

विद्यार्थिमित्रहो, मागणें यांत कमीपणा नाहीं, आणि नाहीं म्हणणारा प्रत्येक जण आपला वैरी नसतो. समुद्रापलीकडील त्या टेबलाशीं बसलेल्या मनुष्यास तुमचें घर दिसत नाहीं. त्याला दिसतो तो तुमचा कागद. त्या कागदांत तुमचें घर जसें आहे तसें, न वाढवितां व न लपवितां, उतरलें आहे काय, एवढेंच पाहणें तुमच्या हातीं आहे. तें नीट करून जो निकाल येईल तो मान वर ठेवून स्वीकारावा. पुढील मार्चमध्यें असें पत्र ज्यांच्या घरीं येईल त्यांनीं तें घेऊन निःसंकोच शाळेंत यावें. तक्ता सोबत आणावा; आपण तो मिळून पुन्हां एकदां वाचूं.